गरजेची गोधडी आणि हौसेची गोधडी

घरांतील ज्या वस्तूंशीं माणसाचा सहवास सर्वांत अधिक, त्यांचाच इतिहास बहुधा सर्वांत कमी लिहिला जातो. तरवारींवर ग्रंथ आहेत, नाण्यांवर आहेत, सनदांवरील मोहरांवर आहेत. पण ज्या पांघरुणाखालीं माणूस आपल्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा काढतो, त्याविषयीं इतिहासकार सहसा तोंड उघडीत नाहीं. गोधडी ही अशा उपेक्षित वस्तूंपैकींच एक. तिचा दरबाराशीं संबंध नाहीं, तिच्यावर शिवणारीचें नांव नाहीं आणि शिवल्याची मितीहि नाहीं. ती अंगावर येते, वर्षानुवर्षें वापरली जाते, विरते आणि अखेर पोतेऱ्याच्या किंवा चुलीपुढील फडक्याच्या रूपानें संपते.

अलीकडे मात्र तिला बरे दिवस आलेले दिसतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या किंवा निवृत्त झालेल्या स्त्रिया, आणि क्वचित् पुरुषहि, हौसेनें गोधडी शिवावयास शिकत आहेत. नातवंडासाठीं दुपटें, परगांवीं शिकावयास निघालेल्या मुलीसाठीं चौघडी, भावाच्या साठीच्या दिवशीं भेट म्हणून पांघरूण, अशीं कामें फुरसतीच्या वेळीं चालतात. ह्या नव्या हौसेविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, गोधडी ही दारिद्र्याची वस्तु. जिनें ती थंडीच्या धाकानें शिवली, तिच्या गरजेचा हा भरल्या पोटीं चाललेला खेळ आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ही आमची प्राचीन कला. तिचा जीर्णोद्धार होत आहे, तेव्हां आनंद मानावा. पहिल्याला गोधडींत केवळ गरज दिसते, दुसऱ्याला केवळ कला. दोघेहि इतिहासाचा हवाला देतात, म्हणून इतिहास काय सांगतो हें एकदां नीट पाहाणें अगत्याचें आहे. माझ्या समजुतीप्रमाणें तो दोघांपैकीं कोणालाच पुरता दुजोरा देत नाहीं. गोधडीचें मोल ती गरजेनें शिवली कीं हौसेनें शिवली ह्यावर ठरत नसून, ती कोणाच्या कापडाची आणि कोणासाठीं, ह्यावर ठरत आलें आहे, असें तो सांगतो.

शब्दापासून आरंभ करूं. मराठी गोधडी, गुजराती गोदडी, हिंदी गुदडी हे एकाच कुळांतले शब्द. कानडी मुलखांत तिला कवदी म्हणतात. मराठींत वाकळ, लेपडें, चौघडी, दुपटें, पासोडी असे आणखीहि शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. दुपटें तान्ह्या मुलाचें. चौघडी चार घड्यांची. वाकळ म्हणजे जाड, ठिगळांची, शेतकऱ्याच्या घरची. संस्कृतांत ह्या वस्तूला कंथा म्हणत आणि बंगाल्यांतला कांथा तोच. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत कंथा आहे, चर्पटपंजरिकेंत आहे, नाथपंथी जोग्याच्या अंगावर आहे. परंतु ही सारी कंथा विरक्ताची आहे हें विसरतां कामा नये.

बौद्ध भिक्षूंचें चीवर ह्याच जातीचें. उकिरड्यावर किंवा स्मशानांत टाकलेल्या चिंध्या भिक्षूनें वेंचाव्या, धुवाव्या, शिवाव्या आणि पांघराव्या. अशा वस्त्राला पांसुकूल अशी संज्ञा होती. विनयपिटकाच्या महावग्गांत एक सुंदर हकीकत आहे. मगधांतील बांधांनीं आंखलेलीं शेतें पाहून बुद्धांनीं आनंदाला विचारलें कीं, अशा आंखणीचें चीवर करतां येईल काय. आणि आनंदानें तें बेतून दाखविलें. ज्यानें सर्वसंगपरित्याग केला त्याच्याहि ठिगळांना नीट मांडणी हवी होती, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. थंडीवाऱ्याला चिंधी कशीहि जोडली तरी चालते; डोळ्याला मात्र ती कशीहि जोडलेली चालत नाहीं.

तथापि विरक्ताच्या कंथेचें खरें मर्म असें कीं, तिच्यांतली चिंधी कोणाची हें कोणालाहि ठाऊक नसावें. मालक नसलेलें, ममता नसलेलें कापड तिला पाहिजे. विसाव्या शतकांत गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६) चिंध्यांचें वस्त्र अंगावर घेतलें आणि लोकांनीं त्यांना गोधडेबुवा म्हटलें, तें ह्याच परंपरेला धरून. घरची गोधडी हिच्या अगदीं उलट. तिच्यांतला प्रत्येक तुकडा कोणाचा तरी असतो. हें आजीचें इरकली लुगडें, हें आजोबांचें धोतर, हा आत्याच्या लग्नांतला खण, हें थोरल्याचें शाळेंत जातांनाचें सदऱ्याचें कापड. वस्तु एकच, टाकेहि तेच. परंतु एक नातीं सोडण्यासाठीं पांघरलेली आणि दुसरी नातीं अंगाशीं धरण्यासाठीं पांघरलेली. आमच्या वाङ्मयांत पहिलीचा गौरव पुष्कळ झाला. दुसरी बायकांच्या हातची आणि बायकांच्या बोलण्यांतली, म्हणून ती ग्रंथांत फारशी आली नाहीं.

ह्या दोहोंखेरीज तिसरी एक गोधडी इतिहासांत भेटते, ती बाजाराची. सोळाव्या शतकाच्या आरंभीं दुआर्ते बार्बोझा ह्या पोर्तुगीजानें खंबायतच्या वर्णनांत तेथील सुरेख शिवलेल्या रजयांचा आणि पलंगाच्या छतांचा उल्लेख केला आहे. त्याहून आपल्या कामाची साक्ष यान ह्यूखेन फान लिन्सखोटेन ह्या डच गृहस्थाची. हा १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यास आर्चबिशपच्या पदरीं होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ सालीं डच भाषेंत आणि १५९८ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला. खंबायतच्या मुलखाचें वर्णन करतांना त्यानें रेशमानें आणि रंगीबेरंगी सुतानें टाके घातलेल्या देखण्या पांघरुणांचा निर्देश केला असून त्यांचें देशी नांव ‘गोदोरिन’ असें दिलें आहे. हा गोदोरिन म्हणजे आपली गोधडीच. विरक्ताच्या खांद्यावरचा आणि शेतकऱ्याच्या झोपडींतला हा शब्द शेक्सपियरच्या हयातींत लंडनच्या छापखान्यांतून बाहेर पडला, आणि तोहि राजेरजवाड्यांच्या शय्येला शोभणाऱ्या वस्तूचें नांव म्हणून!

त्याच सुमारास बंगालच्या सातगांव बंदरांतून पोर्तुगीज लोक अशींच पांघरुणें घेऊन जात. पांढऱ्या सुती कापडावर पिवळ्या टसर रेशमाचें दाट काम, त्यांत शिकारीचे देखावे, जहाजें, ख्रिस्ती पुराणांतील न्यायी सालोमन राजाच्या कथा, असा त्यांचा थाट असे. लिस्बन, लंडन, बॉस्टन येथील संग्रहालयांत त्यांपैकीं कांहीं आजहि पाहावयास मिळतात. कोणी शिवलीं, किती दिवस शिवलीं, तें काम करणाऱ्यांच्या स्वतःच्या अंगावर रात्रीं काय होतें, ह्याचा मात्र त्या रेशमावरून बोध होत नाहीं.

येथें इतिहासाच्या विद्यार्थ्याची एक मोठी अडचण उभी राहते. जी गोधडी वापरली गेली ती नष्ट झाली. जी वापरली गेली नाहीं ती उरली. अंबेजोगाईच्या दासोपंतांनीं (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय एका लांबलचक पासोडीवर लिहून काढला, आणि ती पासोडी अंबेजोगाईस जतन झाली आहे. त्या काळच्या साध्या पासोड्या पांघरतां पांघरतां विरून गेल्या. हिच्यावर अक्षरें होतीं म्हणून ही राहिली. संग्रहालयांतल्या वस्तूंवरून गोधडीचा इतिहास लिहूं गेल्यास तो मुख्यतः न पांघरलेल्या गोधड्यांचा इतिहास होतो. वस्तूचें ज्या प्रमाणांत प्रेम केलें गेलें, त्या प्रमाणांत तिचा पुरावा नाहींसा झाला, असा हा विलक्षण प्रकार आहे.

ही गोष्ट ध्यानांत घेतली नाहीं म्हणजे समज कसा विपरीत होतो, ह्याचें चांगलें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. गोधडीचा छंद आज जेथें सर्वांत अधिक पसरला आहे असा तो देश. म्हणून त्याची साक्ष घेणें योग्यहि आहे. तेथें फार दिवस अशी समजूत होती कीं, सतराव्या शतकांत समुद्र ओलांडून आलेल्या गरीब वसाहतवाल्यांच्या बायकांनीं चिंध्या सांठवून, काटकसरीनें गोधड्या शिवल्या आणि त्यांतून ही कला जन्मली. पुढें अभ्यासकांनीं त्या काळच्या मृतांच्या मिळकतींच्या याद्या तपासल्या, तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. अशीं शिवलेलीं पांघरुणें थोडीं होतीं, महाग होतीं आणि सुखवस्तु घरांत होतीं; गरिबांच्या वांट्याला साधी घोंगडी किंवा जाडेंभरडें विणलेलें पांघरूण येई. कारण उघड आहे. कापड हातानें कांतून विणावें लागे किंवा दुरून आणावें लागे. उत्तम छापील कापड तर हिंदुस्थानांतून जाई. जेथें कापडच दुर्मिळ, तेथें चिंध्यांची रास कोठून येणार? न्यू इंग्लंडमधील गिरण्यांनीं छापील सुती कापड स्वस्त केलें, त्यानंतर, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावांत, तुकड्यांची गोधडी तेथें सामान्य घरांत शिरली. ‘प्राचीन दारिद्र्याची खूण’ म्हणून जी नांवाजली गेली, ती पुष्कळ अंशीं गिरणीची लेक होती.

आणि त्या गिरणीला लागणारा कापूस दक्षिणेंतल्या गुलामांच्या हातचा होता, हेंहि सांगितलें पाहिजे. त्या गुलामांच्या बायकांनींहि गोधड्या शिवल्या. जॉर्जियांत १८३७ सालीं गुलामगिरींत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स ह्या स्त्रीनें शिवलेल्या बायबलच्या कथांच्या दोन गोधड्या आज वॉशिंग्टन आणि बॉस्टन येथील संग्रहालयांत आहेत. पहिली गोधडी १८८६ च्या प्रदर्शनांत एका चित्रकलेच्या शिक्षिकेनें पाहून मागितली, तेव्हां पॉवर्सबाईनें ती विकण्यास साफ नकार दिला. पुढें दिवस वाईट आले, आणि १८९१ सालीं तीच गोधडी तिला पांच डॉलरांस द्यावी लागली. देतांना तिनें प्रत्येक चित्राचा अर्थ समजावून सांगितला, आणि त्यानंतरहि ती आपल्या गोधडीला भेटावयास पुन्हां पुन्हां त्या शिक्षिकेच्या घरीं जात असे. गरजेनें गोधडी शिवविली असें आपण म्हणतों. येथें गरजेनें ती विकावयास लावली. शिवविलें तें निराळ्याच कांहीं गोष्टीनें.

ती गोष्ट कोणती, ह्याचें उत्तर अमेरिकेच्या अलाबामा प्रांतांतील जीज बेंड ह्या नदीच्या वळणांतल्या वस्तींत मिळतें. येथील लोक गुलामांचे वंशज. बायका शेतांत राबत आणि रात्रीं फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. घरांच्या फटींतून वारा येई, म्हणून त्या अनेक लागत. गरज ह्याहून अधिक स्पष्ट ती कोणती? पण २००२ सालीं ह्यूस्टनच्या संग्रहालयांत त्या गोधड्या मांडल्या गेल्या, तेव्हां त्यांतील आंखणीचें आणि रंगांचें धाडस पाहून जाणते लोक थक्क झाले. त्यांतली एक मिसूरी पेटवे हिनें १९४२ सालीं शिवली होती. नवरा वारल्यावर तिनें त्याचे कामाचे कपडे, मळलेल्या गुडघ्यांच्या विजारी आणि विटलेले सदरे, उसवून त्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या प्रेमाखालीं निजतां यावें म्हणून आईनें ती केली, असें पुढें तिच्या मुलीनें सांगितलें. ह्या गोधडीला गरजेची म्हणावें कीं हौसेची? हा प्रश्नच येथें पोरका होतो.

आपल्या शेजारींहि ह्याची साक्ष आहे. उत्तर कानडा जिल्ह्यांत हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टींत सिद्दी लोक राहतात. मूळचे आफ्रिकेंतील, गोव्याच्या आणि आसपासच्या मुलखांतून तेथें जाऊन वसलेले, पुष्कळांची घरची बोली कोंकणी. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे कांठापासून आंत आंत वळशावळशानें जोडीत मध्यावर यावयाचें, अशी त्यांची रीत आहे. काम पुरें झाल्यावर चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे लहान त्रिकोण बसवितात. त्यांस ‘फुला’ म्हणतात. फुल्यांवांचून कवंदी उघडी, अपुरी, असें त्या मानतात. त्या चार त्रिकोणांनीं ऊब तिळभरहि वाढत नाहीं. मजुरी करून आलेल्या बाईचा वेळ मात्र त्यांत जातो. अत्यंत हलाखीच्या घरांतहि गोधडी नुसती उबेची वस्तु कधींच नव्हती, हें त्या फुल्यांवरून सिद्ध होतें. गरज आणि हौस एकाच सुईंत ओंवलेलीं होतीं. म्हणून पहिल्या पक्षाचें म्हणणें टिकत नाहीं.

दुसऱ्या पक्षाचेंहि पुरतें टिकत नाहीं. गोधडी ही ‘कला’ म्हणून शिवली जात होती असें म्हणावें, तर तिचा प्रेक्षक कोण होता? बंगालच्या कांथ्यांचा संग्रह करणारे गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) हे सनदी नोकर. त्यांनीं खेड्यापाड्यांतून जमविलेल्या वस्तूंचें संग्रहालय कलकत्त्याजवळ जोका येथें आहे. तेथें एकोणिसाव्या शतकांतील मानदासुंदरी दासी ह्या स्त्रीचा एक कांथा आहे. त्यावर फुलें आहेत, शिपाई आहेत, साहेब आहेत, आणि आपण हें काम वडिलांसाठीं केलें असा मजकूरहि टांक्यांनीं लिहिलेला आहे. सारें कौशल्य त्या एका माणसासाठीं. आपल्या मराठी गोधडीवर अशीं अक्षरें सहसा नसतात; तिची कारागिरी साधी, धांवदोऱ्याची. पण ‘कोणासाठीं’ ह्या प्रश्नाचें उत्तर तिच्याहि ठिकाणीं निश्चित असे. बाळंतविड्यांत झबलें, टोपडें, कुंची ह्यांबरोबर दुपटें जाई, तें अमुक बाळाचें. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण व्यवहाराची खरी. पण घरांतली बाई पायांची लांबी पाहून अंथरूण शिवीत असे.

हें सारें मी केवळ ग्रंथांच्या आधारें लिहीत नाहीं. गेलीं कांहीं वर्षें सुट्टीच्या दिवसांत माझ्या मावशीपाशीं बसून मी हें काम शिकलों. तिचें वय आतां ब्याऐंशीं. इतिहास शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या माणसाला तिच्या चटईवर ज्या गोष्टी कळल्या, त्या दप्तरांत आढळत नाहींत. आंतल्या थरांना नवें कापड घालूं नये, कारण तें धुतल्यावर आकसतें आणि वरचें जुनें कापड ओढून चुण्या पाडतें. लुगड्याचे कांठ आधीं उसवून ठेवावे; ते घट्ट विणीचे, त्यांत सुई अडते; मात्र गोधडीच्या कडेला तेच लावावे, कारण झिजण्याची पहिली जागा कड. थर जमिनीवर अंथरून हातानें मधून कडेकडे सारखे करावे, मग लांब लांब कच्चे टाके घालून सर्व थर एकत्र धरावे. धांवदोरा कडेपासून आंत आणावा, म्हणजे कापड मध्यें सरकलें तरी हळूहळू जिरून जातें. दोरा फार ओढूं नये, फार सैलहि सोडूं नये. मीं एकदां विचारलें, टांक्याचें अंतर किती असावें? मावशी म्हणाली, “अरे, बाळाचं बोट अडकणार नाहीं इतकं.” ह्या उत्तरांत माप आहे, कारण आहे आणि ज्याच्यासाठीं शिवावयाचें तो माणूसहि आहे.

मीं शिवलेलें पहिलें दुपटें माझ्या नातीसाठीं होतें, आणि तें माझ्या आईच्या लुगड्याचें. जुनेंच लुगडें कां, ह्याचें उत्तर भावनेंत शोधण्याची गरज नाहीं. तें कापसाच्या धाग्यांत आहे. सुती कापड शेंकडों वेळां धुतलें म्हणजे त्याची खळ जाते, धागा मोकळा होतो, तें घाम शोषतें आणि तान्ह्याच्या कातडीला बोचत नाहीं. नवें कापड विकत मिळतें. वीस वर्षें धुतलेलें कापड विकत मिळत नाहीं. तें कोणीतरी नेसलेलेंच असावें लागतें. गोधडी आणि नातें ह्यांची गांठ ही अशी धाग्यांतच पडलेली आहे.

आतां बदल कोठें झाला तें पाहूं. मुंबईंत पहिली कापूसगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली, आणि पुढील शंभर वर्षांत गिरणीच्या सुती कापडानें महाराष्ट्रांतील घरें भरलीं. नऊवारी लुगडें हें गोधडीचें भांडार: आठ-नऊ वार सलग, मऊ, रुंद कापड एकाच वस्त्रांत मिळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नऊवारी जाऊन पांचवारी आली, सुताच्या जागीं कृत्रिम धागा आला. हा धागा लवकर फाटत नाहीं, हा त्याचा गुण. पण तो जुना होऊन मऊहि होत नाहीं, घामहि शोषीत नाहीं, म्हणून गोधडीच्या कामाला निरुपयोगी. जानेवारी १९८२ मध्यें मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांचा तो संसारच मोडत गेला. इकडे सोलापुरी चादर होतीच. कारखान्यांतील स्वस्त ब्लॅंकेट खेडोपाडीं पोंचलें. घरांत गोधडी शिवण्याची गरज सरली ती अशी. गरज सरली ह्याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. थंडींत कुडकुडणाऱ्या मुलाला विकतचें ब्लॅंकेट मिळालें, हें चांगलेंच झालें.

पण गरज गेल्यावर जी हौस आली तिचीहि परीक्षा केली पाहिजे. अमेरिकेंत १९७१ सालीं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानें जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगून दाखविल्या, आणि त्या सुमारास तेथें ह्या छंदाला मोठा बहर आला. त्यापाठोपाठ छंदाचा बाजारहि वाढला. नवें कोरें कापड गोधडीसाठीं म्हणून मुद्दाम छापावयाचें, तें नेमक्या मापाचे तुकडे करून विकावयाचें, आणि घेणाऱ्यानें तें पुन्हां जोडावयाचें, असा क्रम सुरू झाला. सबंध कापड तुकडे जोडण्यासाठीं म्हणून फाडावें, हें जुन्या गोधडीवालीला कोडेंच वाटलें असतें. हें लोण आपल्याकडेहि आलें आहे. त्यांत कौशल्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. रंगसंगति असते, टाकेहि रेखीव असतात. परंतु अशा गोधडीला विचारलें कीं, बाई, तुझ्यांत कोण आहे, तर ती दुकानाचें नांव सांगेल.

तरीहि हौसेचा मार्ग मुळांतच खोटा आहे असें ठरविणाऱ्यांनीं त्याच अमेरिकेंतली आणखी एक गोष्ट पाहावी. एड्सच्या साथीनें माणसें मरत होतीं, त्यांचें नांव घ्यावयास कित्येक कुटुंबेंहि लाजत होतीं, तेव्हां सॅन फ्रान्सिस्कोंत क्लीव्ह जोन्स आणि त्यांचे सोबती ह्यांनीं मृतांच्या नांवाच्या गोधड्या शिवण्यास आरंभ केला. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे थडग्याएवढा. ता. ११ ऑक्टोबर १९८७ रोजीं वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर ते १,९२० तुकडे अंथरले गेले. पुढें त्यांची संख्या सुमारें पन्नास हजारांवर गेली. त्यांत मृतांचे सदरे आहेत, विजारी आहेत, लहानपणचीं खेळणींहि आहेत. शिवणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं त्यापूर्वीं सुई हातीं धरलेली नव्हती. ती गोधडी कोणाच्या अंगावर घालावयाची नव्हती, तेव्हां गरजेची नव्हे. आणि तिला हौसेची म्हणणें तर क्रूरपणाचें होईल. पण ती कोणाच्या कापडाची आणि कोणासाठीं, ह्या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें तिच्यापाशीं होतीं, म्हणून ती खरी गोधडी होती.

तात्पर्य, आजच्या छंदाला इतिहासाची मान्यता हवी असेल तर ती ह्या दोन प्रश्नांतून मिळेल. पहिला पक्ष म्हणतो तसें दारिद्र्य मुद्दाम अनुभवण्याची आवश्यकता नाहीं; दुसरा पक्ष म्हणतो तसा प्राचीन कलेचा झेंडाहि मिरवावयास नको. आपल्या घरचें कापड घ्यावें आणि आपल्या माणसासाठीं शिवावें, एवढें पुरे आहे.

ह्या कामाला मुदत मात्र आहे. नित्य नऊवारी नेसणारी आणि त्याच लुगड्याची गोधडी करणारी पिढी आतां ऐंशीच्या घरांत आहे. कित्येक घरांतून ट्रंकांच्या तळाशीं शेवटचीं लुगडीं घडी घालून ठेवलेलीं आहेत, आणि तीं कशीं उसवावीं, कशीं अंथरावीं हें जाणणारे हात त्याच घरांत, शेजारच्या खोलींत आहेत. लुगडीं आणखी कांहीं वर्षें टिकतील. त्या हातांविषयीं तसें म्हणवत नाहीं. ज्ञान एका पिढींत संपावयाचें असेल तर त्याला आग किंवा परचक्र लागत नाहीं. कोणी विचारलें नाहीं एवढें पुरतें. तो प्रश्न विचारण्यास आज छंदानें शिकणारा माणूसच काय तो उरला आहे. गरजेनें शिकणारी मुलगी आतां आईपाशीं बसत नाहीं, आणि तिनें बसावें असा आग्रह धरण्याचा कोणाला अधिकारहि नाहीं.

म्हणून हौसेनें शिकणाऱ्यांस माझें एवढेंच सांगणें आहे कीं, गोधडी शिवतांना एक वही जवळ ठेवावी. कोणता तुकडा कोणाचा, केव्हांचा, कोणत्या प्रसंगाचा. कोणी शिकविलें, टांक्याला कोणता शब्द वापरला. कोणासाठीं शिवली आणि कोणत्या सालीं, हें तींत लिहावें. मानदासुंदरीप्रमाणें कोपऱ्यांत चार अक्षरें टांक्यांनीं घालतां आलीं तर फारच उत्तम. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला असें वाटावें कीं, प्रत्येक गोधडी पेटींत जपून ठेवावी; पण जपून ठेवलेली गोधडी आणि लिस्बनच्या संग्रहालयांतलें रेशमी पांघरूण ह्यांच्यांत मग फरक काय राहिला? तेव्हां माहिती कागदावर ठेवावी आणि गोधडी अंगावर घ्यावी. ती धुतली जाईल, विरेल, एके दिवशीं पोतेरें होईल. तिनें तसेंच व्हावें. पोतेरें होईपर्यंत तिच्याखालीं कोणीतरी निजलेलें असावें, म्हणजे तिचें काम झालें.